बसफुगडी आणि राईट विंग

"जिला उकिडवं बसता येत नाही, ती माझ्या टीममध्ये राईट विंगला खेळणार नाही," असं मिनल मॅडम सगळ्या ग्राउंडसमोर म्हणाल्या, तेव्हा मी उकिडवं बसायच्या प्रयत्नात मागच्या मागे चिखलात पडलेली होते. म्हणजे वाक्य संपायच्या आधीच पुरावा हजर.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. मी नववीत होते आणि आम्ही अजून भाईंदर ईस्टला, नवघर रोडच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहत होतो. आता ती पाडून जागेभोवती निळे पत्रे लावलेत आणि पत्र्यांवर एका स्विमिंग पूलचं चित्र आहे. त्यामुळे मी ज्या गच्चीबद्दल सांगणार आहे, ती बघायला कोणी येऊ नका. ती आता फक्त आमच्या डोक्यात आहे. आणि आमच्या खाली राहणाऱ्या शांताबाईंच्या डोक्यात जी आहे ती माझ्या डोक्यातल्या गच्चीपेक्षा बरीच मोठी आहे.

तर चिखल. मिनल मॅडम म्हणजे आमच्या फुटबॉलच्या कोच. त्यांनी मला हात देऊन उठवलं आणि सगळ्यांना गोल करून बसवलं. सगळ्या बसल्या, मी अर्धी उभी. मॅडम म्हणाल्या, "मुलींनो, गुडघ्याला दोष देऊ नका. गुडघा बिचारा मधला माणूस. मुलगी उडी मारून खाली येते तेव्हा गुडघा आत पडतो. त्याला बाहेर धरून ठेवायचं काम हिपचं. वर हिप झोपलेलं असलं की मार खाली गुडघा खातो."

हे बोलताना त्यांनी दुर्गादीदीकडे बघितलं नाही, पण आम्ही सगळ्यांनी बघितलं. दुर्गादीदी आमची आधीची कॅप्टन. एका साध्या हेडरनंतर उतरली आणि गुडघा गेला. आता ती ग्राउंडच्या कडेला उभी राहून आमच्या बाटल्या भरते आणि जोरजोरात ओरडते. तिचं ओरडणं ऐकलं की मला घाबरायला होतं, कारण ती फार छान खेळायची.

मॅडमनी मला तीन गोष्टी करून दाखवायला सांगितल्या. एक, टाचा न उचलता उकिडवं बसायचं. दोन, पाय फाकवून बसून पुढे वाकायचं आणि दोन्ही कोपरं जमिनीला टेकवायची. तीन, कुशीवर झोपून वरचा पाय उचलून धरायचा. मॅडम तो हाताने खाली दाबणार आणि तो दबायचा नाही. श्रावण संपायच्या आत हे जमलं तर टीममध्ये, नाहीतर बाकावर. माझ्या जागी सान्वी. सान्वी इंद्रलोक कॉम्प्लेक्सला राहते, लहानपणापासून भरतनाट्यम शिकते आणि चालता चालता सुद्धा स्प्लिट मारू शकते. वाईट म्हणजे ती स्वभावाने चांगली आहे. तिच्यावर रागावताही येत नाही.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं, "आई, माझं हिप कडक आहे."

आईने आधी खिडकी लावली. "कंबर म्हण."

"कंबर वेगळी, आई. हे खाली—"

"बिल्डिंगमध्ये कंबरच म्हणायचं."

इथे एक सांगायला हवं. शरीराचा जो भाग फुटबॉलला सगळ्यात जास्त लागतो, त्याला आमच्या घरात नावच नाही. गुडघ्याबद्दल जेवतानासुद्धा बोलता येतं. पण गुडघ्याच्या वर आणि कंबरेच्या खाली थेट मोकळा प्रदेश. म्हणून बिल्डिंगभर बातमी गेली ती 'रुचिताची कंबर गेली' अशी.

मला उकिडवं का बसता येत नाही याचा दोष मी बाबांना देते. बाबांनी घराचं काम काढलं तेव्हा हौसेने कमोड बसवला. मजल्यावरचा पहिला कमोड. पाहुणे आले की बाबा चहाच्या आधी तो दाखवायचे. आमच्या आधीच्या सगळ्या पिढ्या रोज सकाळी, फी न भरता, हिपचा व्यायाम करत होत्या आणि मी पहिली खुर्चीवर बसणारी. हे मी बाबांना समजावून सांगितलं. बाबा पेपरातून वर न बघता म्हणाले, "म्हणजे आता मी कमोड फोडू?"

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावरच्या शांताबाई तिळाचं तेल घेऊन आल्या आणि मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून माझ्या पाठीला शेकायला लागल्या. पाठीला काहीच झालेलं नव्हतं, शेकल्यावर झालं. समोरच्या जिग्नाबेन मेथीचे लाडू देऊन गेल्या. "कमर माटे बेस्ट छे. रोज सुबह एक. कडवा लगेगा, लेकिन खाने का." मासेवाली गोदूबाई टोपली उतरवून माझ्याकडे बघत राहिली आणि आईला म्हणाली, "पोरीची कंबार धरली हाय? मंग मुशी घे. दुसरं कायपन न्हाय लागत. आमच्या पोरी बघ, होडीत चढतान, उतरतान, कंबार म्हून कंदी बोल्ल्या न्हाय." आईने मुशी घेतली. त्या आठवड्यात मी तेलकट, कडू आणि मुशी खाल्लेली अशी शाळेत जात होते. शेजारी बसणारी रोशन, आमची गोलकीपर, तिसऱ्या दिवशी बाक बदलून बसली. "सॉरी यार रुचि, दोस्ती अपनी जगह है."

मॅडमनी सांगितलेला व्यायाम मात्र मी करत होते. त्यासाठी मांड्यांभोवती रबरी पट्टा लागतो. आई म्हणाली, पट्टा कशाला विकत, आणि परकराची जुनी इलॅस्टिकं जोडून तिने मशीनवर एक भक्कम पट्टा शिवून दिला. त्या पट्ट्यावर बारीक फुलं होती. मी तो चढवला, हॉलमध्ये अर्धी वाकले आणि खेकड्यासारखी सोफ्यापासून फ्रीजपर्यंत जायला लागले. जाताना ठीक होतं. परत येताना शिवण सुटली. पट्टा उडून बाबांच्या चहात गेला आणि मी सगळ्या वजनानिशी जमिनीवर बसले.

माझी जमीन म्हणजे शांताबाईंचं छत. त्यांच्या छताचा एक पोपडा बरेच दिवस निमित्त शोधत होता. तो सुटला आणि आमटीत पडला.

शांताबाई वर आल्या त्या आमटीचं पातेलं घेऊनच. भांडायला नाही, दाखवायला. पण जिन्यात त्यांना कमळाकरकाका भेटले, आणि तिथून हे प्रकरण घरगुती राहिलं नाही.

कमळाकरकाका आमचे सेक्रेटरी. एका सरकारी खात्यातून रिटायर झालेले, पण खातं त्यांच्यातून रिटायर झालेलं नव्हतं. गच्चीची चावी ते खिशाला आतून सेफ्टी पिनने लावून ठेवायचे. आवाज ऐकून आई आणि मी जिन्यात आलो तोवर त्यांनी पातेल्यात वाकून बघितलं, चमच्याने पोपडा हलवला आणि निकाल दिला. "घरात उड्या मारणे उपविधीत नाही."

"मग मी गच्चीवर करते ना काका."

"गच्चीवर खेळायला मनाई आहे. बोर्ड वाच."

"व्यायाम आहे, खेळ नाही."

"कशासाठी व्यायाम?"

"फुटबॉलसाठी."

"मग खेळच झाला. गच्ची फक्त धार्मिक आणि सांस्कृतिक कार्यक्रमांना. वाळवण सुद्धा मी तोंडी परवानगीने चालवून घेतो."

मी आईकडे बघितलं. माझी आई खोटं बोलत नाही. भाजीवाल्याने चुकून जास्तीची कोथिंबीर दिली तर ती परत जाऊन देते. पण त्या दिवशी तिने हातातल्या फुलाफुलांच्या पट्ट्याकडे बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "अहो भावोजी, सांस्कृतिकच तर आहे. तुमच्याच आनंदीची पहिली मंगळागौर नाही का येत? आम्ही बायकांनी सराव कुठं करायचा? हिला पण घेतलंय. म्हणून तर धडपडतेय पोर."

काका थांबले. आनंदी त्यांची सून. मे महिन्यात त्यांच्या प्रणितचं लग्न झालं होतं. ती रोह्याकडची, आल्यापासून इतक्या हळू बोलायची की कुकरची शिट्टी झाली की तिचं वाक्य बुडायचं. लग्नानंतरची पहिली मंगळागौर करायची हे काकांच्या डोक्यातही नव्हतं, पण शेजारणींच्या लक्षात आहे आणि आपल्या नाही, असं सेक्रेटरीने कसं दाखवायचं?

"आहे. लक्षात आहे माझ्या," ते म्हणाले आणि सेफ्टी पिन उघडली.

आईला वाटलं होतं की एक चावी मिळेल आणि मी संध्याकाळी गुपचूप माझे पाय ताणीन. तिने शांताबाईंचा विचार केलाच नव्हता. शांताबाईंनी ते पातेलं तिथेच जिन्यावर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पूर्ण बिल्डिंगच्या बायका गच्चीवर हजर केल्या. जिग्नाबेनसुद्धा. "गरबा आवडे छे ने, तो ये भी आ जायेगा."

"आमच्या गावाला मंगळागौर नव्हती हो एवढी," शांताबाई पदर खोचत म्हणाल्या. त्या संगमेश्वरच्या. "आमच्याकडे गौरी यायच्या तेव्हा फुगड्या. जमीन सारवलेली. आम्ही अशा नाचायचो की सकाळी ती परत सारवायला लागायची." आणि त्यांनी आजूबाजूला, पाण्याच्या टाकीकडे, केबलच्या वायरींकडे अशा नजरेने बघितलं की आम्हालाही घटकाभर ते सारवण दिसलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "बस खाली. बसफुगडी."

बसफुगडी म्हणजे काय, हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोघींनी समोरासमोर उकिडवं बसायचं, हात धरायचे, आणि बसल्या बसल्या उड्या मारत एकदा हा पाय पुढे, एकदा तो पाय पुढे टाकायचा. न उठता. हसता हसता. मी बसले आणि लगेच मागे गेले. पण या वेळी पडले नाही, कारण समोरून कोणीतरी माझे हात घट्ट धरले होते. आनंदीवहिनी. तिचे हात बारीक दिसायचे, पण पकड अशी की मी हलले नाही.

"टाचांवर बस," ती हळूच म्हणाली. "घाबरू नको. मी ओढून धरलंय."

त्या रात्री झोपताना मी हिशेब लावला आणि ताडकन उठून बसले. बसफुगडी म्हणजे मॅडमची पहिली गोष्ट. 'होडी' नावाच्या खेळात दोघींनी पाय फाकवून तळव्याला तळवे लावून बसायचं आणि हात धरून आळीपाळीने एकमेकींना ओढायचं, म्हणजे दुसरी गोष्ट. आणि कोंबडा खेळताना बसून गच्चीभर उड्या मारल्यावर मांड्यांच्या बाहेरून जी आग झाली, तीच मॅडमची तिसरी. मी मंगळागौरीच्या नावाखाली फुटबॉलचा व्यायाम करणार होते, आणि झालं उलटंच. फुटबॉलच्या नावाखाली मी मंगळागौर शिकत होते.

त्या संध्याकाळी कशा होत्या, हे मला नीट लिहिता येत नाही. ढग असायचे, गच्चीची फरशी ओलसर गार असायची. जिन्यातून कोणाच्या तरी फोडणीचा वास वर यायचा आणि सगळ्या बायका एकदम सांगायच्या की ती कोणाच्या घरची. झिम्म्यात टाळी चुकली की जिग्नाबेन गुजरातीतून स्वतःलाच ओरडायच्या. आई एका कोपऱ्यात उभी राहून फक्त टाळ्या वाजवायची. कोणी ओढलं की म्हणायची, "नको गं, माझं वय राहिलंय का!" आणि पाय मात्र साडीच्या आत ठेका धरायचा. मी तो बघायचे.

एकदा सगळ्या खाली गेल्यावर माझ्या पिशवीतून बॉल घरंगळला. आनंदीवहिनीने तो न बघता तळपायाखाली थांबवला. असा थांबवला, की मी तिच्याकडे बघतच राहिले.

"कॉलेजला कबड्डी खेळायचे," ती म्हणाली. "रेडर होते. लग्नाच्या बायोडेटात लिहू नाही दिलं. 'स्वयंपाकाची आवड' लिहिलं."

"आहे आवड?"

"बघितलीस ना माझी भाकरी?"

तेव्हापासून रोज शेवटी आमच्या दोघींचा वेगळा सराव. ती टाकीसमोर उभी, मी समोर. कुकरमध्ये बुडणारा तिचा आवाज गच्चीवर केवढा मोठा व्हायचा! मंगळागौरीच्या आदल्या रविवारी तिने डाव्या पायाने एक फटका मारला, बॉल टाकीवरून गेला आणि परत दिसला नाही. आम्ही कठड्यावरून मागच्या नाल्यात डोकावलो. काळोख होत आला होता. "गेला बिचारा," वहिनी म्हणाली, आणि आम्ही हसत खाली आलो. टाकीच्या झाकणाचा अर्धा तुकडा तुटलाय आणि त्यावर नुसतं ताडपत्रीचं फडकं टाकलंय, हे आम्हाला माहीत होतं. पण माहीत असणं आणि वेळेवर आठवणं वेगळं.

मॅडमची परीक्षा खरं तर शुक्रवारीच व्हायची होती. पण ग्राउंडवर पाणी साचलं आणि मॅडमनी ग्रुपवर टाकलं, "मंगळवारी चार वाजता. जी येणार नाही, तिचं नाव मी लिस्टमधून काढीन." मंगळागौर मंगळवारीच असते. श्रावणातले बाकीचे दिवस त्या देवीला चालत नाहीत. मी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "रात्री दहानंतर आवाज चालत नाही म्हणून पप्पांनी जागरण दुपारी ठेवलंय. दोनला खेळ सुरू, पहिली बसफुगडी आपली, अडीचला तू मोकळी." दुपारचं जागरण ही कल्पना आमच्या सोसायटीशिवाय कोणाला सुचेल असं वाटत नाही.

मंगळवारी सकाळी नळाला पाणी नव्हतं.

थेंबसुद्धा नाही. पूजा मांडलेली, पत्री धुवायची, बायका जेवायला येणार, आणि सगळ्या मजल्यांवर नळ नुसते फुसफुसत होते. कमळाकरकाकांनी पाणीखात्याला फोन लावला. तिथून उत्तर आलं, पाणी सोडलंय, तुमच्याकडे बघा. काका म्हणाले, आमच्याकडे बघितलं, नाही. ते म्हणाले, मग पुन्हा बघा. काकांनी टँकर मागवला. टँकर गल्लीत शिरला आणि एका हातगाडीमागे अडकला. बाबा ऑफिसला दांडी मारून बादल्या वाहत होते आणि प्रत्येक मजल्यावर थांबून म्हणत होते, "कमोडला किती लागतं पाणी, कल्पना आहे का?" पूजा उशिरा झाली, जेवणं त्याहून उशिरा. आम्ही सगळ्या नऊवारी नेसून गच्चीवर जमलो तेव्हा तीन वाजून गेले होते. माझी नऊवारी जिग्नाबेनच्या भाचीची, शिवलेली. आत मी फुटबॉलची चड्डी घातली होती आणि पिशवीत स्टडचे बूट.

"टाकीतच काहीतरी आहे," काका म्हणाले आणि सिल्कच्या झब्ब्यानिशी लोखंडी शिडी चढले.

मी आणि वहिनीने एकमेकींकडे बघितलं.

काकांनी ताडपत्री बाजूला केली, खांद्यापर्यंत हात घातला, आणि वर काढला माझा बॉल. तो फ्लोटच्या खाली अडकून बसला होता. फ्लोट वर राहिला, म्हणजे टाकी भरलेली, असं समजून व्हॉल्व्ह बंद. बॉलवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: रुचिता, राईट विंग.

पाण्याचे थेंब झब्ब्यावरून टपकत होते. काका शिडी उतरले, आईसमोर येऊन उभे राहिले आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "वहिनी, मंगळागौरीच्या कुठल्या खेळात हा लागतो?"

"असतो एक," शांताबाई म्हणाल्या.

"आणि मी चावी दिली ती सांस्कृतिक म्हणून!"

आईचा चेहरा लाल झाला. ती बोलायला गेली, पण त्याआधी दुसराच आवाज आला. गच्चीवरचा, मोठा.

"पप्पा, बॉल मी मारला."

"तू?"

"हो. डाव्या पायाने."

काकांना यातलं कशाचं जास्त आश्चर्य वाटलं, सांगता येत नाही. मीही मग पुढे झाले आणि सगळं सांगून टाकलं. पट्टा, पोपडा, दुर्गादीदीचा गुडघा, सान्वी. आणि त्या दिवशी, सगळ्या बायकांसमोर, पहिल्यांदा कंबर न म्हणता हिप म्हणाले. आईने डोळे मिटले. खिडकी लावायला गच्चीवर खिडकी नव्हती.

काकांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे हे सगळं फक्त उकिडवं बसायला? अगं, त्याला शिकायचं काय? आम्ही महाडला जाखडी नाचायचो. पायात घुंगरू. रात्ररात्र. बसायचं, उठायचं, बसायचं. हे बघ." आणि त्यांनी झब्बा सावरला, आणि बसले. झकास बसले. टाचा जमिनीला. मला मनातून हेवाच वाटला.

"बघितलंस?"

"बघितलं काका."

"असं."

"हो. आता उठा, पप्पा," वहिनी म्हणाली.

"उठतो." काका समोर कठड्याकडे बघत राहिले. "बसलोय जरा. हवा चांगली आहे."

थोडा वेळ गेला. प्रणितदादा पुढे आला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. जिग्नाबेन कुजबुजल्या, "लॉक हो गया लगता है." काकांच्या कपाळावर घाम आला होता, पण चेहऱ्यावर सेक्रेटरीपण तसंच होतं. ते बघून मला हसू आलं नाही. पडण्याआधीचा तो क्षण मला चांगला माहीत होता.

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. टाचा न उचलता. माझ्या ते लक्षातही आलं नाही. "काका, हात द्या. वजन टाचांवर. घाबरू नका, मी ओढून धरलंय." दुसरा हात वहिनीने धरला. आम्ही खालीच थोडं हललो, डावा पाय, उजवा पाय, जरा सुटल्यासारखं झालं, पुन्हा डावा, पुन्हा उजवा. कोणीतरी ठेका धरून टाळी वाजवली. मग दुसरी. मग सगळ्याच बायका वाजवायला लागल्या, आणि गच्चीवर त्या दिवशीची पहिली बसफुगडी कमळाकरकाकांनी खेळली.

उभे राहिल्यावर त्यांनी झब्बा झटकला, बॉल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "टाकीला झाकण बसवायचा ठराव पुढच्या मीटिंगला. कार्यक्रम सुरू करा." चावी त्यांनी मागितली नाही.

तेवढ्यात बाबा जिन्यातून ओरडले, "रुचे, चारला दहा कमी!"

मी वहिनीकडे बघितलं. बसफुगडी राहिली होती. तिची पहिली मंगळागौर, आणि जोडीदार मी.

"पळ," ती म्हणाली.

"आणि जोडी?"

तिने वळून कोपऱ्यात हात घातला आणि टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या आईला मनगटाला धरून मधोमध आणलं. आई म्हणत होती, "नको गं, माझं वय—" आणि मी जिन्यात शिरले. मागे एकदम मोठा गलका झाला. मला थांबायचं होतं. मी थांबले नाही.

रिक्षावाल्याने आरशात बघितलं. "शादी है क्या, दीदी?"

"नहीं भैया, फुटबॉल."

त्याने रिक्षा जोरात मारली.

ग्राउंडवर सगळ्यात आधी रोशन दिसली. "या अल्ला! रुचि, तू बारात लेके आयी है क्या?" सान्वी धावत येऊन माझी पिशवी धरायला लागली. मिनल मॅडमनी घड्याळ बघितलं, नऊवारी बघितली, आणि म्हणाल्या, "बस."

मी बसले. कोपरं टेकवली. कुशीवर झोपून पाय उचलला, आणि मॅडमनी तो दाबला. एका हाताने, मग दोन हातांनी. नऊवारीच्या काठासकट तो तिथेच राहिला. बाटल्यांच्या क्रेटजवळून दुर्गादीदी एवढ्या जोरात ओरडली की मॅडम दचकल्या.

"हिप झालं," मॅडम म्हणाल्या. "टीममध्ये आहेस. पण विंगला सान्वीच. तू राईट बॅक."

बॉलवर राईट विंग लिहिलेलं होतं. ते मी नंतर खोडलं. पण राईट बॅकला आल्यापासून मला कोणी घाबरवू शकत नाही, हेही खरं. समोरून कोणी पळत आलं की मी खाली वाकते, टाचांवर वजन घेते, आणि मला आजपर्यंत कोणी मागे पाडलेलं नाही.

त्या दिवशी घरी परतले तेव्हा सगळं आवरलेलं होतं. आईची बसफुगडी कशी झाली, हे मला प्रत्येकाने वेगळं सांगितलं. शांताबाई म्हणाल्या, असं सारवणावर सुद्धा बघितलं नव्हतं. बाबा फक्त म्हणाले, "मी हातातली बादली खाली ठेवायचीच विसरलो." व्हिडिओ कोणीच काढला नाही. सगळ्यांचे हात टाळ्यांत होते.

या वर्षी आम्ही सगळे पांगलोय. आम्ही मीरारोडला चौदाव्या मजल्यावर, शांताबाई लेकीकडे, काकांचं घर पनवेलला. आनंदीवहिनीने तिथे मुलींची कबड्डी सुरू केलीय आणि काका तिचे सेक्रेटरी आहेत. आमच्या नव्या बिल्डिंगची गच्ची कायम उघडी असते. तिथे कोणीच जात नाही. मी आईला कितीदा म्हटलं, एकदा करून दाखव ना. ती म्हणते, "इथं? टाइल्सवर? पाय घसरेल."

पण आमच्या टीमचा वॉर्मअप आता बसफुगडी आहे. समोरची टीम हसते. शिट्टी होईपर्यंत हसते. मागच्या शनिवारी, सेमीफायनलला, रोशनच्या अंगात ताप होता, त्यामुळे एक मुलगी कमी पडली. सगळ्यांच्या जोड्या लागल्या आणि मी एकटी उरले. आई लाइनबाहेर बाटली घेऊन उभी होती. तिने इकडे तिकडे बघितलं. बाटली दुर्गादीदीच्या हातात दिली, पदर खोचला, लाइन ओलांडून आत आली आणि माझ्यासमोर टाचांवर बसली.

"धर," ती म्हणाली.

आईची बसफुगडी बघायची माझी राहिली ती राहिलीच. हात धरून उड्या मारताना समोरचं काही धड दिसतच नाही. सगळं वरखाली होत असतं.